भाईंचा ळ

मालवण,
४ सप्टेंबर १९८७

चि. नर्मदेस गंगारामदादाचे आशीर्वाद.

चतुर्थी आटोपली. अक्काने पाच दिवस तुझी वाट पाहिली. शेवटी "माझ्या भावाचां चेडू आता फुडल्या वर्षी येतलां" असं म्हणून तुझ्या वाटणीच्या पातोळ्या शेजारी दिल्या. तिचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे.

पण हे पत्र खुशालीचं नाही. तू ज्या वर्णरेखा कंपनीत अक्षरं काढतेस, तिच्याविरुद्ध आमच्या छापखानेवाल्यांच्या संघाने दिल्लीच्या मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली आहे. गेल्या रविवारी कुडाळला सभा झाली. तक्रारीवर अकरा सह्या आहेत, त्यात चौथी माझी. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

जूनमध्ये तुमचा विक्रेता आमच्याकडे आला होता. माणूस चांगला, चहा प्यायला, पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनचं कौतुकही केलं. मी म्हटलं, मला मराठी अक्षरजुळणीचा प्रोग्राम तेवढा द्या, कॉम्प्युटर मी बघतो. तो म्हणाला, तसा मिळत नाही. प्रोग्राम घ्यायचा तर मशीन आमचं, प्रिंटर आमचा, दुरुस्तीचा माणूसही आमचाच. एवढं सगळं भगवती छापखान्याला झेपणार नाही हे तुला सांगायला नको. मग पुण्याच्या एका लहान कंपनीचा प्रोग्राम पाहिला. तो कुठल्याही मशीनवर चालतो. घ्यायचं ठरवत होतो, तोवर तुमच्या कंपनीचं पत्र आलं, सगळ्याच छापखान्यांना आलं, की पुण्याचा माल घेणाऱ्याला यापुढे वर्णरेखाचा कुठलाही माल किंवा दुरुस्ती मिळणार नाही. आता मुंबईच्या जाहिराती येतात त्या तुमच्या फ्लॉपीवर, आणि ती फ्लॉपी तुमच्याच मशीनवर उघडते. म्हणजे आम्ही जायचं कुठे?

भाईमामांच्या खुर्चीत बसून त्यांच्या मुलीच्या कंपनीविरुद्ध सही केली. करण्याआधी दोनदा पेन खाली ठेवलं, हे लपवत नाही.

तुझा,
दादा

—

विलेपार्ले, मुंबई,
१७ सप्टेंबर १९८७

दादा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ऑफिसात तक्रारीची बातमी पोचली होती. अकरा नावं मोठ्याने वाचली गेली. चौथं नाव वाचताना कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, कारण आपलं नातं तिथे कुणाला ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही.

तू केलंस ते तुला पटलं म्हणून केलंस. मला काय वाटतं तेही ऐक. चार वर्षांपूर्वी आम्ही पाच जण एका खोलीत बसलो होतो. कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हतं. वेलांटी अक्षराआधी उमटायची, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायचा. मी आलेखाच्या कागदावर चौकोन पेन्सिलीने भरत बसायचे, एका 'क्ष'साठी चाळीस कागद. तेव्हा सरकारचा कुणी माणूस आमच्याकडे फिरकला नाही. मशीनच्या परवान्यासाठी साहेबांनी दिल्लीच्या दीड वर्ष खेपा घातल्या. आता झाड लागलं तर सरकार येऊन म्हणणार की फळं सगळ्यांना वाटा. उद्या कुणी दुसरा अशी चार वर्षं घालेल का?

मशीन आणि प्रोग्राम एकत्र विकण्यालाही कारण आहे. कुठल्याही मशीनवर टाकला की अक्षरं फाटतात आणि शिव्या आम्हाला बसतात. ते धमकीचं पत्र मात्र मला आवडलं नाही. ते ठरलं त्या बैठकीत मी होते आणि गप्प बसले. हे तुला म्हणून सांगते.

कागदावर चौकोन भरताना मला सारखा छापखाना आठवायचा. डालड्याच्या डब्यावर उभी राहून मी शिशाचे अक्षरखिळे परत पेटीतल्या आपापल्या घरात टाकायचे आणि 'घ' चुकून 'ध'च्या घरात पडला की भाई न बघता ओळखायचे. आवाजावरून म्हणे. तेव्हा खरं वाटायचं.

अक्काला गुडघ्यांसाठी तेल पाठवते आहे.

नर्मदा

—

मालवण,
१० नोव्हेंबर १९८७

चि. नर्मदेस,

उत्तराला दिवाळी उलटून गेली.

तुझं म्हणणं मी दोनदा वाचलं. मेहनत तुमचीच, हे कुणी नाकारत नाही. तक्रार फुकट द्या अशी नाही. दाम घ्या आणि प्रोग्राम द्या, बाकीच्या वस्तू आमच्या गळ्यात बांधू नका, आणि दुसऱ्याकडे जाणाऱ्याची वाट अडवू नका, एवढीच आहे. मालवणच्या बंदरात पहिलं गलबत लागलं म्हणून धक्का त्याचा होत नाही. सरकारला यात पाडायची हौस मलाही नाही. पण अकरा छापखाने आणि एवढी मोठी कंपनी यांच्यात बोलणार कोण?

आता दुसरी गोष्ट. गेल्या महिन्यात शिवा दुपारची जेवणाची वेळ म्हणून तुमच्या मशीनवर जुळवलेलं मुंबईचं वर्तमानपत्र पसरून बसला होता. शिवा अजून कंपोझिंगला आहे, पासष्ट पुरी झाली, नजर अधू. पहिल्या पानावर 'दुष्काळ' असा मोठा मथळा होता. त्याने चष्मा पुसला, परत लावला, आणि मला हाक मारली. म्हणाला, "ह्यो आमचो ळ. भाईंनी कोरलेलो. ह्येंका खंय गावलो?"

मुंबईवाल्यांना तो कुठे सापडणार, म्हणत मी पाहिलं. डावं पोट मोठं, उजवं लहान, आणि शेपटी आत वळलेली. शिवाने माळ्यावरून एकसष्ट सालचं दशावताराचं पोस्टर काढलं. तुला आठवत असेल, मुंबईहून आलेल्या लाकडी अक्षरांच्या संचात ळ एकच होता आणि पोस्टरात 'मंडळ', 'खेळ', 'सकाळ' सगळंच हवं होतं. भाईमामांनी शिवणीच्या लाकडात ळ कोरले, मग हौस लागली आणि पुढे कोरतच गेले. पोस्टरावरचा ळ आणि वर्तमानपत्रातला ळ आम्ही शेजारी ठेवून पाहिले. तोच.

खरं सांगू, आधी मला आनंदच झाला. भाईमामांचं अक्षर पुऱ्या महाराष्ट्राने वाचलं. मग तुमच्या कंपनीने पुणेवाल्यांना पाठवलेली नोटीस आठवली. तीत लिहिलं आहे की अक्षरांची वळणं ही वर्णरेखाची स्वतंत्र निर्मिती आहे, ती कुणी घ्यायची नाहीत. पुण्याचा प्रोग्राम अडवायला तोच आधार आहे. नर्मदे, ती वळणं कुणाची?

शिवाने ही गोष्ट संघाच्या वकिलांना सांगून टाकली. आता वकील ते पोस्टर आणि लाकडी ठसे मागतात.

दादा

—

विलेपार्ले, मुंबई,
८ जानेवारी १९८८

दादा,

हो, ती भाईंचीच आहेत. मी चोरली असं मला कधी वाटलं नाही. आपल्या घरातली भांडी आपण वापरतो तसं वाटलं. रात्रंदिवस डोळ्यांसमोर तीच होती, हाताला दुसरी येतच नव्हती. साहेबांनी पाहिली आणि म्हणाले, छान, पूर्णपणे नवी आहेत. मी काही बोलले नाही. तिथून सगळं सुरू झालं.

आता कंपनीच्या वकिलांनी माझ्या नावाने एक प्रतिज्ञापत्र तयार केलं आहे. सगळी अक्षरं मी स्वतः, कुणाच्याही नमुन्यावरून न घेता काढली, असं त्यात आहे. सही करायची आहे. अजून केली नाही, ताप आला म्हणून आठ दिवस घरी बसले.

पोस्टर दिलंस तर माझी नोकरी राहणार नाही. न देण्याची विनंती मी करणार नाही. तुला योग्य वाटेल ते कर. फक्त एक सांगते, ते पोस्टर पुरावा म्हणून छापलेलं नव्हतं. त्याची शाई वाळेपर्यंत मी पंख्याने वारा घालत होते आणि भाई शिट्टी वाजवत होते.

नर्मदा

—

मालवण,
१४ मार्च १९८८

चि. नर्मदेस,

आंगणेवाडीची जत्रा झाली. मसुऱ्याच्या वाटेवर या वर्षी गाड्याच गाड्या. जत्रेचं छपाईचं काम होतं, म्हणून पत्राला उशीर.

वकील येऊन कागद घेऊन गेले. त्यांना जे द्यायचं होतं ते दिलं. आता पुढचं दिल्लीवर.

तुझी तब्येत कशी आहे? अक्काने कुळथाचं पीठ आणि कोकमाची सोलं पाठवली आहेत, लवूच्या हाती. लवू म्हणजे अक्काच्या दिराचा मुलगा, परळला असतो, तो आणून देईल.

दादा

—

विलेपार्ले, मुंबई,
२३ ऑक्टोबर १९८८

दादा,

सात महिने तुला पत्र लिहिलं नाही. तुझं मार्चचं पत्र मिळालं होतं. "जे द्यायचं होतं ते दिलं" हे वाचलं आणि समजले की पोस्टर गेलं. कुळथाचं पीठ लवूने आणून दिलं तेव्हा दारातूनच त्याला वाटेला लावलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याची माझ्या वतीने माफी माग.

मी रागावले होते. तरी प्रतिज्ञापत्रावर सही केली नाही. आज करते, उद्या करते म्हणत राहिले आणि पावसाळा गेला. मग या महिन्याच्या सुरुवातीला दिल्लीहून चौकशी अधिकारी मुंबईला आले आणि माझा जबाब घ्यायला बोलावलं. फोर्टमधल्या एका सरकारी कचेरीत, कपाटांच्या मध्ये टेबल. शेजारी कंपनीचे वकील.

मी ठरवून गेले होते. पुरावा त्यांच्याकडे आहेच, आता खोटं बोलून उपयोग नाही, असं मनाशी म्हणत होते. धीर होता तो एवढाच.

अधिकाऱ्यांनी आधी मशीन आणि प्रोग्राम एकत्र विकण्याबद्दल विचारलं. मी दोन्ही बाजू सांगितल्या. प्रोग्राम लिहिण्याची मेहनत कंपनीचीच आहे आणि तिचा मोबदला तिला मिळायला हवा, हे ठासून सांगितलं. धमकीचं पत्र कुठल्या बैठकीत ठरलं तेही सांगितलं. वकिलांनी खुर्ची सरकवली. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही अक्षरं संपूर्णपणे स्वतंत्र आहेत असं कंपनी म्हणते. ती आपण काढलीत?"

मी म्हटलं, "मी काढली. पण मथळ्याच्या अक्षरांपैकी सत्तावीस माझ्या वडिलांनी मालवणात लाकडात कोरलेली आहेत. बाकीची मी त्यांच्या वळणावर केली. ते पोस्टर आपल्याकडे आहेच."

त्यांनी फाईल पुढून चाळली, मागून चाळली. म्हणाले, "कुठलं पोस्टर?"

दादा, मी ती फाईल ओढून घेऊन स्वतः चाळली. अधिकाऱ्यांनी पाणी मागवलं.

तू ते दिलंच नव्हतंस. आणि सात महिने मी तुझ्यावर राग धरून होते.

ऑफिसात दुसऱ्या दिवशी माझं टेबल खिडकीपासून उचलून जिन्याखाली ठेवलेलं होतं. साहेब फक्त एवढंच म्हणाले की मला आधी सांगायला हवं होतंस. ते खरं आहे. चार वर्षं होती माझ्याकडे सांगायला. मी राजीनामा दिला. पुणेवाल्यांनी बोलावलं, त्यांनाही नाही म्हटलं. आता लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. चालतं आहे.

एवढं लिहिलं आहे तर अजून एक लिहिते. भाईंनी छापखाना तुझ्या नावावर केला तेव्हा सगळे म्हणाले, मुलीला डावललं, भाच्याला दिलं. अक्काही तसंच म्हणाली, आणि तू कित्येक वर्षं माझ्यासमोर मान वर करून बसत नव्हतास. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. पंचाहत्तर सालच्या दिवाळीनंतर भाईंनी मला पत्र लिहिलं होतं. लिहिलं होतं की माझा हात आता थरथरतो, तू ये, छापखाना तुझाच आहे. मला जाहिरातीच्या कंपनीत तेव्हा नुकती नोकरी लागली होती. मालवणला परत जायचं नव्हतं. नाही म्हणायचाही धीर नव्हता. म्हणून उत्तरच दिलं नाही. पाच महिन्यांनी ते गेले. त्यांची अक्षरं घेतली ती बहुतेक त्या उत्तराच्या जागी. ते कंपनीला कसं सांगायचं?

तुझ्याकडे माझं काही येणं राहिलेलं नाही, दादा. कधी नव्हतंच.

नर्मदा

—

मालवण,
१९ एप्रिल १९८९

चि. नर्मदेस,

तुझं ऑक्टोबरचं पत्र उशाखाली ठेवून मी सहा महिने काढले. आज लिहितो, कारण आज सांगायला बातमीही आहे.

कंपनीने आयोगापुढे लेखी हमी दिली आणि तसा आदेश निघाला. प्रोग्राम यापुढे एकटा विकत मिळेल. कुणी दुसऱ्याचा माल घेतला म्हणून दुरुस्ती नाकारता येणार नाही. अक्षरं कुणाची, या वादात आयोग पडला नाही, तो आपला विषय नाही म्हणाला. पण तुझा जबाब वाचून कंपनीने पुणेवाल्यांवरची नोटीस मागे घेतली असं वकील सांगतात. कुडाळला पेढे वाटले. मला हार घातला, मी तो तिथेच खुर्चीवर ठेवून आलो.

वर्णरेखाचाच प्रोग्राम घेतला, हे ऐकून तुला हसू येईल. पुण्याच्यापेक्षा तो चांगला आहे, आणि घ्यायचाच तर तुझा घ्यावा असं वाटलं. मशीन मात्र कोल्हापूरहून आणलं. आता पत्रिका, हँडबिलं त्यावरच होतात. खिळ्यांच्या पेट्यांना आठवडा आठवडा हात लागत नाही. शिवा रोज येतो, स्टूल घेऊन बसतो, मी छापलेला कागद त्याच्यापुढे धरतो. परवा त्याने एका लग्नपत्रिकेत तीन चुका काढल्या आणि म्हणाला, "यंत्राक वाचूक येणा नाय, फक्त लिवक येता." आम्ही ज्या प्रोग्रामसाठी भांडलो त्यानेच शिवाचं काम गेलं. हे तक्रारीवर सही करताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तो मला दोष देत नाही. तू असतीस तर त्याच्याशी बोलली असतीस, मला बोलता येत नाही.

पोस्टराचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. वकिलांना द्यायच्या कागदांत मी ते घातलं होतं. गुंडाळी बांधली, दोरा लावला. मग तुझ्या पत्रातली ती पंख्याची ओळ आठवली आणि सोडून परत काढलं. वकिलांना म्हटलं, वाळवीने खाल्लं, लाकडी ठसेही. पुष्कळ वर्षांनी खोटं बोललो आणि सरळ घरी येऊन जेवलो, काही वाटलं नाही.

आता भाईमामांच्या पत्राविषयी. ते मला माहीत होतं.

त्यांचा हात थरथरायचा म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. तू अक्षर ओळखलं नसशील, मी त्यांच्या वळणावर लिहायचा प्रयत्न केला होता. पोस्टातही मीच टाकलं. आणि पेटीत टाकताना मनात म्हणालो, ती न येवो. दहा वर्षं मी तिथे शाई मळत होतो, मला दुसरं काही येत नव्हतं, आणि तू आलीस तर माझं काय, हाच विचार. पोस्टमन आला की मी आधी मुंबईचा शिक्का शोधायचो. भाईमामा रोज विचारायचे, मुंबईचं काही? मी म्हणायचो, नाही. ते "बरां" म्हणायचे आणि कामाला लागायचे. तू आली नाहीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मान वर करून बसत नव्हतो ते त्यासाठी. मुलीला डावललं म्हणून नव्हे.

अक्काला हे काल सांगितलं. तिने देवापुढची वात सारली. मग म्हणाली, "तिका बोलाव."

तर बोलावतो. या वेळी माझ्याच अक्षरात. ये.

दादा

—

विलेपार्ले, मुंबई,
२७ एप्रिल १९८९

दादा,

पत्र मिळालं. मला तेव्हा यायचं नव्हतं आणि तुला मी यायला नको होते. दोघांच्याही मनासारखं झालं आणि तेरा वर्षं दोघांनाही ते पुरून उरलं. भाईंच्या मनासारखं तेवढं राहिलं.

शनिवारच्या एस.टी.चं तिकीट काढलं आहे. रविवारी सकाळी पोचेन. महिनाभर राहीन, पुढचं तिथे आल्यावर बघू. शिवाला सांग, मला त्याच्याशी बोलायचं आहे, त्याने घरी थांबू नये, छापखान्यात यावं.

तू स्टँडवर येऊ नकोस. रविवार असला तरी छापखाना उघडा ठेव. मी आधी तिथे येईन.

नर्मदा